वस्त्रगाळ लेंडी

३ मार्च २०२५, सोमवार

आप्पासो,

आशीर्वाद लिहायची रीत हाय, तवा तो लिहिलाय असं धर आन खाली वाच.

फोन तू उचलत न्हाईस. तुझी बायको शालू उचलती आन म्हणती, "आत्याबाई, ते बाथरूमात हायत." इतके दिवस बाथरूमात बसणारा माणूस एक तर लय स्वच्छ असंल, न्हाईतर लय मळलेला. म्हणून पत्र धाडते. पत्र वाजत न्हाई, त्यामुळं बंदबी करता येत न्हाई. माझं लिहिणं तिसरीचं हाय. काना-मात्रा चुकला तर मास्तराला शिव्या घाल, तो मेलाय.

लालासाहेबांच्या सूत रंगवायच्या कारखान्यावर त्या दिवशी काय झालं ते मला गावाच्या तोंडानं कळलं. तुझ्या तोंडानं न्हाई. बायकांना बोलावणं न्हवतं, मी मेंढरांमागं व्हते. संध्याकाळी नाथाजी आला, खांद्यावरचं घोंगडं काढून बसला आन म्हणला, "सुलावैनी, पोरीचं यंत्र फसलं."

राणी तुझीच लेक हाय, हे तुला सांगावं लागतंय. सांगलीला शिकून पोरगी वाडीवर परत आली, माझ्या मेंढवाड्याला चिकटून भट्टी घातली. वडूजच्या कुंभाराची माती आणती. आपल्याच मेंढरांच्या लेंड्या वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करून त्या मातीत मिसळती, ट्रकच्या जॅकखाली दाबून भाकरीएवढी चकती करती आन भाजती. लेंडी जळून जाती, तिच्या जागी भोक ऱ्हातं, सुईच्या टोकालाबी सापडणार न्हाई असं. पाणी त्यातनं जातं, घाण मागं ऱ्हाती. ती तेला मेम्ब्रेन म्हणती. तिचं म्हणणं, बाहेरच्या देशातली असली वस्तू सूत रंगवणाऱ्या बारक्या कारखान्यांना झेपत न्हाई, ही झेपंल. ते खरं की खोटं ते मला कळत न्हाई. मला एवढंच कळतं, की कारखान्याचं पाणी ओढ्याला यायला लागल्यापासनं आपली कोकरं ओढ्यावर तोंड लावत्यात आन रातच्याला पाय झाडत्यात.

आन तू त्याच कारखान्यात पाण्याचा सुपरवायझर. जितं पाणी साफच व्हत न्हाई तितं पाण्याचा सुपरवायझर म्हंजे टकल्याच्या घरी ठेवलेला न्हावी.

नाथाजीनं सांगितलं ते असं. राणीनं हौदातलं निळं पाणी घेतलं, हिराकस आन चुना टाकला, रंगाचा गाळ तळाला बसला, वरचं पाणी चकत्यांतनं सोडलं. हेच तिनं माझ्यासमोर वाडीवर कितीक वेळा केलंय आन दर वेळेला पाणी निवळशंख आलंय. तितं नळीतनं आलं लालभडक. लालासाहेब म्हणाले, "आमचा रंगमास्तर काढून टाका, हिलाच ठिवू. निळं घालून लाल काढती." मंडळी हसली. मग त्यांचा इंजिनेर म्हणला, चकती कच्ची भाजलीय, तांबडी माती सुटून पाण्यात आली. पंप बंद. कार्यक्रम संपला. च्या-बिस्किटं मात्र समद्यांनी खाल्ली.

तू तितंच उभा व्हतास म्हणं. इस्त्रीच्या शर्टात. काय बोललास? नाथाजी म्हणला, काय न्हाई.

मी घरी ऱ्हायलेली चकती बोटानं वाजवली. खणखण वाजली. कच्ची माती कवा खणखणती का रं? हे मला समजून सांग. मडकं घेताना बाई जे करती तेवढंच मी केलंय, त्याला कॉलेज लागत न्हाई.

आता लालासाहेब म्हणत्यात, गाळणीबिळणी बास झाली. कारखान्याचं पाणी पाइप घालून वाडीच्या विहिरीच्या खालच्या अंगाला ओढ्यात सोडायचं. एक मेला महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा हाय, तितं परवानगी मागणार. आजवर चोरून सोडलं, आता राजरोस सोडतील. विहिरीचा झरा तितनंच हाय, तू त्याच विहिरीत पवायला शिकलास.

राणी बोलत न्हाई. जेवती, भांडी घासती, मेंढरांना पाला टाकती. भट्टी थंड हाय. तू बाप हायस, एकदा येऊन जा.

सुलाबाई


१४ मार्च, धुळवड

आप्पासो,

पोचलं न्हाई म्हणू नगंस. पोस्टातल्या पोरीनं सांगितलं, क्वार्टरवर दिलं, सायेबांनीच घेतलं. सायेब म्हणली ती तुला. मला हसू आलं.

आज वाडीत पोरं रंगानं माखल्यात. मी बी रंगाचंच लिहायला बसलेय.

राणीनं ते यंत्र मोडून, धुऊन पत्र्याच्या शेडात टाकलंय. त्यातला एक तुकडा, पाणी बाहेर पडायच्या नळीचा वाकडा कोपरा, तो मात्र तिनं गोणपाटात गुंडाळून वर आढ्याला खोचून ठिवला व्हता. मला मिरचीच्या वाफ्याला पाणी द्यायला तसला कोपरा पायजे व्हता. मी काढला. झटकला तर आतनं ढेकूळ पडलं. अर्धं पिवळं, अर्धं लाल.

मी वास घेतला. तो वास तुलाबी माहीत हाय. जन्मल्यावर पयला तोच तुझ्या टाळूवर टाकला.

राणी दारात उभी व्हती.

"ठिव ते आज्जी."

"ह्यात भंडारा कसा आला गं?"

"ठिव म्हणते ना."

"नळीला जत्रा भरली व्हती का?"

तवा ती खाली बसली. म्हणली, "पप्पांनी सकाळी पूजा केली व्हती. मी पंप जोडायला गेले व्हते."

हळद आन चुना एक झालं की काय व्हतं हे आपल्यातल्या कुठल्याबी लग्न झालेल्या बाईला इचार. माझी आजी घरी कुकू करायची ते तसंच. नळीत मूठभर भंडारा आन वरनं चुन्याचं पाणी. लाल येईल न्हाईतर काय दूध येईल?

मी तिला म्हणलं, "मग तू तवाच का बोलली न्हाईस? तुला तर तितंच कळलं असंल."

म्हणली, "कळलं. वासच आला. मी पप्पांकडं बघितलं."

"मग?"

"ते चपलेकडं बघत व्हते."

एवढं बोलून ती उठली आन मेंढरांकडं गेली.

आता कळलं का तुला, ती का गप हाय? समद्यांसमोर ती म्हणली असती, की माझ्या बापानं नळीत हळद घातली, तर लालासाहेबांनी तुला तितंच हाकलून दिलं असतं आन मंडळी वर हसली असती, धनगराची अक्कल म्हणून. ते तुझ्यावर येऊ नये म्हणून तिनं कच्च्या भाजणीचा कलंक सोताच्या अंगावर घेतला. शिकली-सवरली पोरगी, तिला माती भाजता येत न्हाई, असं आता तालुका म्हणतोय. तिच्या कॉलेजातल्या मॅडमनं बी फोनवर तेच इचारलं, आन ही "हां मॅडम, टेंपरेचर कमी पडलं" म्हणली. मी ऐकलं.

आन तू चपलेकडं बघत व्हतास. चपल नवी व्हती का?

मला एवढं लिहून कळव. मुद्दाम घातलास का? लालासाहेबांनी सांगितलं व्हतं का? तसं असंल तर तसं लिही. मी पाळण्यात काय घातलं व्हतं ते मला कळू दे.

सुलाबाई


३० मार्च, पाडवा

आप्पासो,

शालू काल येऊन गेली. साखरेची माळ आणली व्हती, ती शेळीनं खाल्ली. तुझा निरोप तिनं दिला. बिचारी पाठ करून आली व्हती, मधेच विसरली की पुन्हा पहिल्यापासनं म्हणायची.

तुझं म्हणणं असं, की भंडारा मुद्दाम न्हाई घातला, भक्तीनं घातला. लेकीचं पहिलं काम, बिरोबाचं नाव घेतल्याबिगर कसं सुरू करायचं. पण लालासाहेब, त्यांचे पाव्हणे, तो इंजिनेर, समदे येणार व्हते. यंत्रावर पिवळं दिसलं तर ते म्हणतील, हे काय मशीन हाय का म्हसोबा. म्हणून कुणाला दिसू नये असा तू तो नळीच्या आत टाकलास.

ह्यातलं समदं मला खरं वाटतं. खोटं बोलणाऱ्याला एवढी लाज सुचत न्हाई.

पण आता माझं ऐक. भंडारा टाकलास ह्याचा मला राग न्हाई. मी असते तर मीच उधळला असता, आन वरनं उधळला असता. यंत्रावर, पंपावर, लालासाहेबांच्या टोपीवर. मग पाणी लाल आलं असतं, तर नाथाजीनं तितंच म्हणलं असतं, "आरं थांबा, ही हळद हाय." पंप जरा चालू ठिवला असता, हळद धुऊन गेली असती, मागनं साफ पाणी आलं असतं. मंडळी हसली असती, पण त्या हसण्यात तुझी लेक बुडाली नसती.

तू देव लपवून बसवलास. देवाची लाज वाटती तर देव आणायचा कशाला रं? आन आणला तर लाजायचं कशाला? दोन्ही डगरीवर पाय ठिवतो तो मधल्या पाण्यात पडतो, हे मेंढराच्या पिल्लालाबी कळतं.

ही तुझी लाज जुनी हाय. शाळेत असताना मेंढवाड्याकडनं जायला नगं म्हणून माळावरनं वळसा घालायचास. कारखान्यात लागल्यावर घरी यायच्या आधी ष्टँडावर शर्टाला सेंट मारायचास, जाताना परत मारायचास. येताना कशाला मारत व्हतास ते मला अजून कळलं न्हाई. मेंढरांना वास दाखवायचा व्हता का? तुझा बाप माणातनं मेंढरं घेऊन खाली यायचा, बागायतदारांच्या रानात बसवायचा, आन त्याच लेंड्यांवर त्यांचा ऊस वाढायचा. तो कवा कुणापुढं वाकला न्हाई. त्याला बसायला खुर्ची द्या म्हणून त्यानं कवा मागितली न्हाई, आन जमिनीवर बसला म्हणून तो कवा बारका झाला न्हाई. तू खुर्ची मिळवलीस. त्या दिवशी नाथाजी आन आपली माणसं आली तवा "तुमी तिकडं सावलीला उभे ऱ्हावा" म्हणून तूच सांगितलंस. हे बी कळलंय मला.

तर घालायला घातलास, ते मी सोडून देते. पाणी लाल आलं तवा तुझं तोंड कुणी शिवलं व्हतं? तुला कळलं व्हतं. तू माझ्या पोटचा हायस, चुना आन हळद तुला कळत न्हाई असं तू सांगू नगंस. "मालक, थांबा, ही माझी चूक हाय." एवढंच. एवढं बोलायला जितका वेळ लागतो, तितक्यात राणीची वर्षं गेली.

एक मेला ग्रामसभेला ये. समद्यांसमोर एवढंच बोल. सभेनं म्हणलं, पुन्हा यंत्र लावून दावा, तर लालासाहेबांना न्हाई म्हणता येणार न्हाई. न्हाई बोललास तर पाइप येती. मग तुझ्या आईनं विहिरीचं पाणी प्यायचं का न्हाई, ते तू सुपरवायझर म्हणून ठरव.

सुलाबाई


२२ एप्रिल, मंगळवार

आप्पासो,

वाडीतला भाऊसो आला व्हता. तूच धाडलास की लालासाहेबांनी, ते त्यानं सांगितलं न्हाई. गावचा माणूस आन मालकाचा माणूस एकाच अंगात घेऊन फिरतो, उन्हाळ्यात त्याला उकडत कसं न्हाई कुणास ठाऊक.

बसला, पाणी प्याला, मग म्हणला, "काकू, आप्पासोचं वय झालंय, आता ह्या वयात नोकरी गेली तर काय करंल बिचारा?"

मी म्हणलं, "मेंढरं राखंल."

"आवं, तसं न्हवं."

"मग कसं? बापानं राखली, आज्यानं राखली. ह्याच्या पायाला काय मेंदी लागलीय?"

"तुमी लय कडक बोलता."

"भाजलेय म्हणून कडक हाय. कच्ची असते तर विरघळले असते."

त्यो गेला. तुझा निरोप एवढाच व्हता की तुला सभेला जमणार न्हाई, कारखान्यात पाव्हणे येणार हायत. महाराष्ट्र दिनाला कारखाना बंद असतो रं. खोटं तरी नीट बोलायला शिक, एवढी वर्षं कुठं काम करतोस.

हिकडचं सांगते. राणीनं भट्टी पेटवली. मी काय बोलले न्हाई, तिनं आपणच पेटवली. पयल्या खेपेच्या चकत्या वाळवताना ऊन लागलं आन समद्या चिरल्या. दुसऱ्या खेपेला ओल्या गोणपाटाखाली सावलीत वाळवल्या. भाजून झाल्यावर एकेक चकती घमेल्यात पाण्याखाली धरती आन सायकलच्या पंपानं मागनं हवा मारती. बुडबुड्यांची धार एकाच जागेवरनं सुटली तर तितं चीर हाय, ती टाकून द्यायची. माणसांना असा पंप मारता आला असता तर मी आधी तुला घमेल्यात धरला असता.

लेंड्या मी कुटते. तुझ्या बापाचं एक जुनं धोतर काढलंय गाळायला. इतकं बारीक पायजे की बोटाला पिठागत लागलं पायजे. एक जाड कण गेला तर तितं मोठं भोक पडतं आन रंग त्यातनं पळतो. माझा खांदा दुखतो. हे तुला कळावं म्हणून लिहीत न्हाई, दुखतो म्हणून लिहिते.

राणीचं आन माझं भांडण झालं. तिला कळलं की मी तुला सभेला बोलावलंय. म्हणली, "आज्जी, माझ्यापायी पप्पांची गावासमोर अब्रू काढायची न्हाई. मी चकत्या चांगल्या करीन, परत मागीन, कवा ना कवा देतील."

मी म्हणलं, "तोवर पाइप येईल."

"तरी नगं. माझा बाप हाय तो."

"तुझा बाप असंल, माझा ल्योक हाय. त्याची लाज काढायचा पयला हक्क माझा."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली न्हाई. तुझ्यासाठी रडणारी एवढी एकच हाय ह्या वाडीवर, आन तिलाच तू बुडवलीस.

आता नीट वाच. नाथाजीला मी समदं सांगितलंय. त्यो बिरोबाचा पुजारी हाय. सभेत तो भंडाऱ्याची वाटी घेऊन येणार हाय. तुला म्हणणार, उचल आन सांग. आपल्यात भंडारा उचलून खोटं बोललेला माणूस मी अजून बघितला न्हाई. तू पयला व्हतोस का, ते बघायचं हाय.

तू आला न्हाईस तरी चालंल, असं लिहिणार व्हते. पण न्हाई चालणार.

सुलाबाई


२ मे, शुक्रवार

आप्पासो,

तुला माहीत असलेलंच लिहिते, कारण तू मधनंच उठून गेलास आन मागचं तुला कुणी खरं सांगणार न्हाई.

तू आलास. ते बरं केलंस. लालासाहेबांच्या गाडीतनं आलास, ते मी बघितलं. मारुतीच्या पारावर खुर्च्या मांडल्या व्हत्या, तू त्यांच्या शेजारी बसलास. मी खाली पटकुरावर बसले. राणी माझ्या मागं, पदरात तोंड घालून.

पाइपचा विषय निघाला. लालासाहेब गोड बोलतात, त्यांच्या बोलण्याला माश्या बसतील. "वाडीच्या लोकांची गैरसोय व्हऊ नये म्हणूनच पाणी लांब नेतोय. गाळणीचा प्रयोग करून बघितला, पोरीला आमीच संधी दिली, जमलं न्हाई. पोरगी गुणाची हाय, पण भाजणी कच्ची." लोकांनी माना हलवल्या. हात वर करायची वेळ आली व्हती.

मी उभी ऱ्हायले. मला बोलता येतं हे गावाला माहीत हाय, त्यामुळं सरपंचानं घड्याळ बघितलं. मी एक तांब्या काढला, त्यात चुन्याची निवळी. नळीतलं ते पिवळं ढेकूळ पदरातनं सोडून त्यात टाकलं. लाल झालं. बायकांच्या बाजूनं एकदम कुजबुज उठली. पुरुषांना जरा वेळ लागला, त्यांना नेहमीच लागतो.

मी म्हणलं, "हे यंत्राच्या नळीतनं निघालंय. माती कच्ची न्हवती. हळद व्हती. कुणी घातली ते घालणाऱ्यानं सांगावं."

लालासाहेब हसून म्हणाले, "आजी, हे तुमी घरी बी केलं असंल. नळी तुमच्याच घरात व्हती."

खरं हाय ते. मी बी तेच म्हणले असते त्यांच्या जागी.

तवा नाथाजी उठला. वाटी घेऊन पारावर चढला. तुझ्यासमोर धरली. त्याचा आवाज काय मोठा न्हाई, तरी समद्यांना ऐकू गेला. "आप्पासो, म्हातारी म्हणती ते खोटं असंल तर भंडारा उचल आन खोटं हाय म्हण. आमी पाइपला हात वर करतो. उचल गड्या."

लालासाहेब तुला म्हणाले, "उचल की, आप्पा. उगं येळ नगं घालवू."

मी तुझा हात बघत व्हते. गुडघ्यावरनं उठला. वाटीपतुर आला. बोटं पिवळी व्हायला वीतभर बी अंतर न्हवतं. मग तू हात मागं घेतलास, उठलास, आन पायऱ्या उतरून चालायला लागलास. गाडीत न्हाई बसलास. ष्टँडाच्या रस्त्यानं गेलास. मागं वळून बघितलं न्हाईस.

एक शब्द बोलला न्हाईस. पण आपल्या गावात भंडाऱ्यासमोरनं उठून जाणाऱ्याला पुन्हा कुणी काय इचारत न्हाई. लालासाहेबांना ते कळलं न्हाई, ते म्हणत बसले, "ह्याला काय झालं?" शेजारच्या म्हाताऱ्यानं त्यांना सांगितलं, "झालं उत्तर."

सभेनं पाइपला परवानगी दिली न्हाई. यंत्र पुन्हा लावायचं, समद्यांसमोर, बायका बी येणार, असं ठरलं. लालासाहेबांनी मान हलवली. दुसरं करतील काय.

राणी रडली. यंत्रापायी न्हवं. म्हणली, "आज्जी, ते ष्टँडापतुर चालत गेले असतील का, उन्हात?"

मी म्हणलं, "जाऊ दे. उन्हानं माती पण वाळती."

तुला शाबासकी पायजे असंल तर ती ह्या पत्रात न्हाई. तोंडानं बोलायचं व्हतं, तू पाठीनं बोललास. तेवढं मात्र खरं बोललास. एवढंच.

सुलाबाई


९ जून, सोमवार

आप्पासो,

यंत्र झालं. तू आला न्हाईस, म्हणून सांगते.

निळं पाणी घातलं आन निवळशंख आलं. समद्यांनी बघितलं. लालासाहेबांनी ग्लासात धरून उन्हाला लावलं. लोक टाळ्या वाजवायच्या बेतात व्हते तवर धार बारीक झाली. चकत्यांच्या तोंडावर गाळ बसला व्हता. दोन चकत्या तडकल्या, त्या राणीनं बदलल्या. मग उलट्या बाजूनं साफ पाणी सोडून बाकीच्या धुतल्या आन परत लावल्या. तो इंजिनेर म्हणला, "असं रोज किती वेळा धुवायचं?" राणी म्हणली, "जितक्या वेळा गाळ बसंल तितक्या वेळा." त्याला ते पटलं न्हाई. मला पटलं. भांडी बी आपण तशीच घासतो.

लालासाहेबांनी एका हौदापुरतं यंत्र लावायला घेतलंय. मनापासनं न्हाई, गाव बघतंय म्हणून. बाकीचे कारखानदार लांबनं बघत्यात, ह्याचं बुडतं की चालतं. राणी म्हणती, अजून लय चकत्या लागतील, लय वर्षं लागतील. ओढा अजून निळाच हाय. मी माझ्या हयातीत त्याचं पाणी प्यायला मिळंल असं काय समजत न्हाई.

शालूचा काल फोन आला. ह्या खेपेला ती रडत व्हती, पाठ केलेलं काय न्हवतं. तुला कारखान्यातनं काढलं. क्वार्टर खाली करायला सांगितली. तू दोन दिवस जेवला न्हाईस आन शेवटी तिला म्हणलास, "आईला इचार."

आईला इचार. आईनं एवढी पत्रं लिहिली तवा तुला आईचा पत्ता माहीत न्हवता.

मी राणीला सांगितलं. ती चकत्या लावत व्हती. हात थांबला न्हाई तिचा. हातातली चकती बसवून झाल्यावर म्हणली, "लेंड्या चाळायला माणूस पायजे. तुझा खांदा गेलाय. बोलायचं काय असंल ते त्यांचं आन माझं, नंतर बघू." ती तुझ्याशी बोलंल का न्हाई, ते मला इचारू नगंस. तिचं तोंड तिचं हाय.

तर ये. शालूला घेऊन ये. खोली झाडून ठिवलीय, पंखा न्हाई. इस्त्रीचे शर्ट तिकडंच कुणालातरी देऊन ये, हितं त्यांचं काय काम न्हाई. सेंट आणू नगंस, कुटलेल्या लेंडीवर बसला तर काय व्हतं ते राणीलाबी माहीत न्हाई आन मला बघायचं न्हाई.

कुटायचं उखळ मेंढवाड्याच्या दारात हाय. कुटलेलं आधी मोठ्या चाळणीनं चाळायचं, मग धोतरानं गाळायचं. नाकाला फडकं बांधायचं न्हाई, मला बघवणार न्हाई. धोतर तुझ्या बापाचं हाय, एका बाजूनं विरलंय. जोर लावून फाडू नगंस. दुसरं न्हाई.

सुलाबाई